जुन्या बोर्डातलं तांबं जिवाणूंकडून काढायचं असेल तर

पीसीबी म्हणजे इलेक्ट्रॉनिक वस्तूतला सर्किट बोर्ड, त्याचं एचिंग ज्यांनी केलंय त्यांना हे लगेच कळेल. तांब्याच्या प्लेटवर मार्करने सर्किट काढायचं, फेरिक क्लोराईडच्या तपकिरी पाण्यात टाकायचं आणि ट्रे हलवत बसायचं, अर्ध्या तासात उघडं तांबं गायब. दोनचार प्लेटा झाल्या की पाणी काळपट हिरवं पडतं, काम करायचं थांबतं आणि मग ते पाणी कुठं जातं हे सांगायला नको. गटारात. मी पण ओतलंय, आयटीआयला असताना, खोटं कशाला बोलू. आता असं धरा की ते दमलेलं पाणी कुणीतरी रात्रंदिवस राबून परत ताजं करून देतंय, मोबाईल चार्जरला लावल्यासारखं. ई-कचऱ्यातनं जिवाणू वापरून तांबं काढणं म्हणजे एवढंच आहे बघा.

लोकांना वाटतं जिवाणू तांबं खातात. नाही खात, तांब्याला ते तोंडसुद्धा लावत नाहीत. तांबं विरघळवतं ते फेरिक लोखंड, म्हणजे चार्ज असलेलं, आणि तांबं विरघळवताना ते स्वतः फेरस होऊन बसतं, म्हणजे बॅटरी डाऊन. अ‍ॅसिडिथायोबॅसिलस फेरोऑक्सिडन्स नावाचा जो जिवाणू आहे त्याचं पोट भरतं फेरसचं परत फेरिक करण्यावर, हवेतला ऑक्सिजन वापरून. कार्बन पण हवेतल्याच कार्बन डायऑक्साईडमधनं घेतो. साखर नको, पेप्टोन म्हणजे जिवाणूंना घालतात ते प्रथिनांचं खाद्य नको, उलट असलं काही पडलं तर त्याचं काम मंदावतं. राहतो कुठं तर लिंबाच्या रसाइतक्या आंबट पाण्यात. १९४७ साली अमेरिकेत कोळशाच्या खाणीतनं झिरपणाऱ्या आम्ल पाण्यात तो पहिल्यांदा सापडला, आणि तेव्हापासून खाणवाले त्याला हलक्या प्रतीच्या तांब्याच्या दगडावर कामाला लावतायत. आपण दगडाच्या जागी सेट-टॉप बॉक्सचा बोर्ड ठेवायचा.

माझं कोल्हापुरात राजारामपुरीत रिपेअरिंगचं छोटं दुकान आहे, माळ्यावर पोत्यानं मेलेले बोर्ड. भाची शिवाजी विद्यापीठात मायक्रोबायोलॉजीत एमएस्सी करते. एका रविवारी जेवताना म्हणाली, "मामा, तुझ्याकडं बोर्ड हाईत, माझ्याकडं बॅक्टेरिया हाईत, करूया की कायतरी." तिथनं सुरू झालं. पुढं जे लिहितोय ते आम्ही दोघांनी एका कॉलेजच्या लॅबमध्ये, तिथल्या सरांना विचारून केलेलं आहे. तुम्ही पण असंच करा, किचनमध्ये किंवा पोरंबाळं फिरतात त्या गॅलरीत नको. हा खेळ पाच लिटरचा आहे, शिकण्यापुरता. धंदा म्हणून करायचा असेल तर २०२२ च्या ई-वेस्ट नियमांनुसार, जे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, रिसायकलर म्हणून केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणी लागते आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते. नोंदणी नसताना भंगार गोळा करून अ‍ॅसिडात बुडवणं हा गुन्हाच आहे, जिवाणू घातले म्हणून तो पुण्य होत नाही.

सामान कुठनं आणायचं

गंमत इथं आहे. ह्या जिवाणूला वाढवायचं जे प्रसिद्ध पाणी आहे त्याला नाइन-के म्हणतात, १९५९ सालचं आहे, आणि नाव पडलं कारण लिटरला ९ ग्रॅम म्हणजे ९००० मिलिग्रॅम लोखंड असतं. भाचीने यादी वाचून दाखवली आणि मी हसायलाच लागलो, कारण ही सगळी यादी कृषी सेवा केंद्रात मिळते, ऊसवाल्याला रोज लागते. फेरस सल्फेट म्हणजे आपला हिराकस. अमोनियम सल्फेट. मॅग्नेशियम सल्फेट. पोटॅश. स्फुरदासाठी मूळ कृतीत डायपोटॅशियम फॉस्फेट आहे, त्याच्या जागी ठिबकमधनं सोडतात ते ०-५२-३४ चालतं. कॅल्शियम नायट्रेट चिमूटभर.

पाच लिटरला हिराकस २२० ग्रॅम, अमोनियम सल्फेट १५ ग्रॅम, ०-५२-३४ अडीच ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट अडीच ग्रॅम, पोटॅश अर्धा ग्रॅम. झालं. हिराकस घेताना पुडी उजेडात धरून बघा, फिकट हिरवे खडे पाहिजेत. तपकिरी पडलेला असेल तर तो हवा खाऊन आधीच खराब झालाय, आणि दुकानदाराने "त्यापेक्षा हे भारी घ्या" म्हणून चिलेटेड लोह गळ्यात मारलं तर घेऊ नका, ते वेगळं प्रकरण आहे, इथं उपयोगाचं नाही. खताच्या मालात थोडी घाण असते त्यामुळं पहिल्यांदा करताय तर कॉलेजच्या शुद्ध केमिकलवर करा, जम बसला की खताच्या मालावर या. आम्ही उलटं केलं आणि पहिला आठवडा कळेचना की चूक आपली की पोत्याची.

पाणी बॅटरीत घालायचं घ्या. नळाचं नको, क्लोरीन असतो, आणि बोअरचं तर अजिबात नको, जड पाण्यात पीएच (आंबटपणाचा आकडा, जितका कमी तितकं आंबट) जागेवर राहत नाही. पीएच २ च्या जवळ आणायला पातळ सल्फ्युरिक अ‍ॅसिड लागतं, ते लॅबमधनंच घ्या. २०१३ च्या सुप्रीम कोर्टाच्या आदेशानंतर अ‍ॅसिडच्या सुट्या विक्रीवर नोंद, ओळखपत्र असली बंधनं आली, आणि ती बरोबरच आहेत. नेहमी पाण्यात अ‍ॅसिड घालायचं, थेंब थेंब, उलटं कधीच नाही. गॉगल आणि रबरी हातमोजे घालूनच, आणि शेजारी खायच्या सोड्याचा डबा उघडा ठेवायचा, सांडलं तर टाकायला. पीएच पेन मिळतो पाचसातशेला, पण तो चार दिवसांत थापा मारायला लागतो, बफरमध्ये, म्हणजे ठरलेल्या पीएचच्या पाण्यात, बुडवून तपासत राहा.

भांडं प्लास्टिकचं किंवा काचेचं. आत धातूची एकही वस्तू नको, हे मी ठळक सांगतोय कारण आमच्या एअरट्यूबला वजन म्हणून मी एक नट बांधला होता. तिसऱ्या दिवशी नट नाही. हवेसाठी फिश टँकचा पंप आणि दगडी फुगेवाला (एअरस्टोन), बास.

विरजण

जिवाणू आणायचे कुठनं, तर पुण्याला एनसीएलमध्ये एनसीआयएम नावाचा औद्योगिक सूक्ष्मजीवांचा संग्रह आहे, चंदीगडला एमटीसीसी आहे, कॉलेजच्या लेटरहेडवर अर्ज करून फी भरून कल्चर मागवता येतं. कुणीतरी म्हणेल राधानगरीकडच्या खाणीतली माती आणून बघूया. ती बॉक्साईटची, गंधकवाला दगड नाही तो, तिथं हा गडी आपसूक सापडायची आशा कमी. कल्चर मागवा, महिना वाचतो.

आलेली इवलीशी ट्यूब थेट पाच लिटरमध्ये ओतायची नाही. आधी १०० मिलिलिटरमध्ये, ते तयार झालं की अर्ध्या लिटरमध्ये, ते तयार झालं की पाच लिटरमध्ये, म्हणजे दर वेळी दहापट किंवा त्याहून कमी. दह्याचं विरजण कसं, चमचाभर दह्यानं घागरभर दूध लागत नाही. तापमान २८ ते ३० अंश, कोल्हापुरात वर्षातले बरेच महिने हे फुकट मिळतं, फक्त थंडीत रात्री गारठा पडतो तेव्हा खोक्यात ठेवून बाजूला छोटा बल्ब लावा.

तयार झालं हे ओळखायला मायक्रोस्कोप नको. सुरवातीला पाणी फिकट हिरवट, जवळजवळ पारदर्शक असतं. मग कोऱ्या चहासारखं होतं. मग गडद तांबूस, आणि त्या दिवशी कळतं की फेरसचं फेरिक झालं. पहिल्या खेपेला आठवडा जातो, काहीच होत नाही असं वाटतं आणि मग दोन दिवसांत भराभर रंग येतो. नंतरच्या खेपा तीनचार दिवसांत होतात. शेजारी एक बाटली बिनजिवाणूची ठेवा, तेच पाणी, तेवढीच हवा. ती हिरवीच राहते, आणि बघायला आलेल्याला समजावून सांगत बसायला लागत नाही. एवढ्या आंबट पाण्यात हवेतला ऑक्सिजन एकटा हे काम करायला गेला तर फार म्हणजे फार वेळ लागतो.

एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा. फेरसचं फेरिक करताना अ‍ॅसिड खर्ची पडतं, म्हणून पीएच वर सरकतो. तो सव्वादोन अडीचच्या पुढं गेला की भांड्याच्या तळाशी आणि कडांना पिवळा गाळ धरतो, त्याला जारोसाईट म्हणतात. त्यात तुमचंच लोखंड अडकून बसतं, एअरस्टोन बुजतो, आणि तो बोर्डावर बसला तर खालचं तांबं झाकून टाकतो. रोज सकाळी एकदा पीएच बघायचा, दोनच्या वर दिसला की दोनचार थेंब अ‍ॅसिड. आम्ही रोज सकाळी नऊला बघायचो, एक रविवार चुकला आणि सोमवारी भांडं हळदीत बुडवल्यासारखं.

बोर्ड कुठला घ्यायचा, इथंच सगळे फसतात

सगळ्यांना कॉम्प्युटरचा मदरबोर्ड पाहिजे असतो कारण तो भारी दिसतो. पण तो चार, सहा, आठ थरांचा असतो, आणि निम्म्याहून जास्त तांबं आतल्या थरांत काचेच्या धाग्याच्या आणि इपॉक्सीच्या मधे दाबलेलं. पाणी तिथं पोचणार कुठनं, फक्त कापलेल्या कडेतनं. म्हणून मोठे कारखाने बोर्ड दळून पीठ करतात. तुम्ही दळू नका. त्या धुळीत काचेचा चुरा असतो, आग लागू नये म्हणून घातलेली ब्रोमिनची रसायनं असतात, शिसं असतं, आणि घरच्या मिक्सरमध्ये दळणारे महाभाग मी व्हिडिओत बघितलेत, त्याच मिक्सरात दुसऱ्या दिवशी खोबऱ्याची चटणी.

आपल्याला पाहिजेत साधे बोर्ड. टीव्हीचा रिमोट, जुन्या टीव्हीची तपकिरी प्लेट, सीएफएलचा गोल बोर्ड, चार्जर, पॉवर सप्लाय, स्वस्तातला सेट-टॉप बॉक्स. एकेरी किंवा दुहेरी थर, तांबं सगळं वर. दिसायला गरीब पण माल उघडा.

बोर्डावरचं सामान आधी उतरवायचं, आणि हे काम रिपेअरिंगवाल्याला शिकवायला नको, हॉट एअर मारायचा आणि टेबलावर आपटायचं. फक्त एक्झॉस्ट चालू पाहिजे. मोठे कपॅसिटर डिस्चार्ज करून काढा. बटण सेल, लिथियम बॅटरी, एलसीडीच्या मागच्या बारीक ट्यूबा ज्यात पारा असतो, पिक्चर ट्यूब, ह्यातलं काहीही भांड्याजवळ आणायचं नाही. आयसी, एलईडी पण काढून टाका, काहींत आर्सेनिक असतं आणि पुढं लोखंडाच्या पायरीला अ‍ॅसिडमध्ये त्याचा विषारी वायू होऊ शकतो.

मग सोल्डर. कथील आणि शिसं तांब्यापेक्षा हलक्या कुळातले धातू, ते आधी विरघळायला पुढं येतात आणि तुमचं फेरिक फुकट संपवतात. शिसं तर सल्फेट होऊन पांढरा थर देतं, खालचं तांबं बंद. म्हणून सकर (सोल्डर ओढायचा पंप) आणि विक (सोल्डर टिपायची तांब्याची जाळी) घेऊन जितकं निघेल तितकं काढा. आम्ही पहिल्या खेपेला "राहू दे थोडं" म्हटलं होतं, ते थोडंच आडवं आलं.

राहिला हिरवा रंग, सोल्डर मास्क. तो असताना तांब्याला पाणी लागत नाही. वॉटर पेपर घेऊन पाण्याखाली घासा, ओलंच, कोरडं अजिबात नाही, आणि ते घासलेलं पाणी पण वेगळ्या बादलीत धरा. तांबं चकाकलं की पत्रा कापायच्या कात्रीने दीडदोन सेंटिमीटरचे तुकडे. तुकडे मोठे असल्याचा फायदा म्हणजे शेवटी चिमट्याने उचलता येतात, गाळात मिसळत नाहीत.

बुडवायचं

आमची पहिली मोठी चूक सांगतो. विरजण घातलं त्याच दिवशी बोर्ड पण घातले, आणि हात सैल सोडून, पाव किलो. दुसऱ्या दिवशी पीएच चारच्या पुढं, पाणी गढूळ, आणि जिवाणूंनी राम म्हटला. बोर्ड स्वतः अ‍ॅसिड खातो, त्यातनं सुटणारे धातू नवख्या जिवाणूंना बाधतात, आणि त्यांची संख्या अजून जमलेलीच नसते. तर दोन पायऱ्या करायच्या. आधी एकटे जिवाणू वाढवा, पाणी गडद तांबूस होऊ दे, मग बोर्ड. आणि लिटरला १० ग्रॅमच्या वर जायचं नाही, म्हणजे पाच लिटरला ५० ग्रॅम. बोर्डात ढोबळ मानाने पाचवा हिस्सा तांबं धरला तर १० ग्रॅम तांबं झालं.

हिशोब पण करून ठेवा. ६३.५ ग्रॅम तांब्याला सुमारे ११२ ग्रॅम फेरिक लोखंड लागतं. लिटरला ९ ग्रॅम लोखंड असेल तर एका दमात ते पाच ग्रॅमच्या आसपास तांबं ओढू शकतं, आणि आपल्याकडं लिटरला दोनच ग्रॅम आहे. म्हणजे एका चार्जिंगवर पण भागतं, वर जिवाणू परत परत चार्ज करतायतच. मग घाई कसली, तुकडे मच्छरदाणीच्या कापडाच्या पिशवीत घालून बुडवा, पंप चालू ठेवा, पीएच बघत राहा, पहिले दोन दिवस तो जास्त उड्या मारतो.

लाइट गेली तर घाबरू नका. रात्रभर पंप बंद राहिला म्हणून हे मरत नाहीत, काम थांबतं एवढंच. आमच्याकडं एका पावसात सलग चौदा तास लाइट नव्हती, सकाळी पाणी थोडं फिकं पडलेलं, संध्याकाळपर्यंत परत रंगावर.

तांबं येतंय का बघायला थोडं पाणी परीक्षानळीत घ्या आणि खिडकीत उभं राहून लिकर अमोनिया घाला. लोखंड तपकिरी गाळ होऊन खाली बसतं आणि वरचं पाणी निळंशार होतं, अगदी रांगोळीतल्या निळ्यासारखं. रोज थोडं थोडं गडद होत जातं. निळा रंग दोन दिवस तसाच राहिला की समजायचं देणं संपलं. आम्हाला आठ दिवस लागले, आणि तुकडे बाहेर काढले तर नुसती काचेची पिवळट पातळ पानं, त्यातनं उजेड आरपार.

आता तांबं बाहेर

ही पायरी लोखंडाची. तांब्याच्या पाण्यात लोखंड टाकलं की लोखंड विरघळतं आणि तांबं त्याच्या जागेवर बसतं. शाळेत मोरचुदाच्या पाण्यात खिळा टाकलेला आठवतोय ना, तेच.

कोल्हापुरात लोखंडाला काय तोटा, मी उद्यमनगरातनं ओळखीच्या शॉपमधनं पिशवीभर सीआय बोरिंग, म्हणजे बिडाचा किस आणला, फुकटात. आणि फसलो. बिडात कार्बन असतो, लोखंड विरघळलं की तो काळा चिखल होऊन तांब्यात मिसळतो, आणि हाताला लागतं ते तांबं का काजळी कळत नाही. शिवाय कूलंटचं तेल. दुसऱ्या खेपेला साध्या एमएस (माइल्ड स्टील) पत्र्याच्या पट्ट्या घेतल्या, साबणाने धुऊन, पॉलिशपेपर मारून. पट्टीवर तांबं मऊ सालीसारखं चढतं, हलवलं की गळून पडतं. जीआय पत्रा नको, जस्त असतं. स्टीलची घासणी पण नको, ती ढिम्म हलत नाही.

बोर्ड काढायच्या एक दिवस आधी पंप बंद करा. ही युक्ती भाचीची. हवा बंद झाली की जिवाणू चार्जिंग थांबवतात, आणि उरलेलं फेरिक बोर्डातल्या शेवटच्या तांब्यावर खर्ची पडतं. असं नाही केलं तर ते सगळं फेरिक तुमच्या पट्ट्या खातं. पाच लिटरमधलं सगळं लोखंड फेरिक असेल तर नुसतं ते शांत करायलाच बावीसतेवीस ग्रॅम पत्रा जातो, आणि तांब्याच्या वाट्याचे नऊ वेगळे. ह्या पायरीला बुडबुडे येतात, हायड्रोजन असतो, झाकण घट्ट लावू नका आणि आसपास काडी ओढू नका.

लालसर तपकिरी पूड तळाला बसते. वरचं पाणी हळूच दुसऱ्या भांड्यात काढायचं, पूड एकदा हलक्या अ‍ॅसिडच्या पाण्याने, मग बॅटरीच्या पाण्याने दोनतीनदा धुवायची, आणि लगेच वाळवायची नाहीतर हवेने काळी पडते. आमची साडेसात ग्रॅम भरली. मेहुणे म्हणाले, "दीड महिना राबून साडेसात ग्रॅम?" म्हटलं हो, आणि विद्यापीठाच्या कँटीनचं बिल धरलं तर तोट्यातच. पण जे पाणी उरलं ते काय आहे बघा. तांबं गेलं, त्याच्या जागी लोखंड आलं, तेही फेरस. म्हणजे जिवाणूंचा डबा परत भरला. थोडं पातळ करायचं, पीएच दोनवर आणायचा, अर्धा लिटर विरजण, पंप चालू, आणि पुढची खेप. फेरिक क्लोराईडच्या बाटलीला हे जन्मात जमत नाही. दुसऱ्या खेपेपासून हिराकस विकत घ्यावा लागला नाही, पत्र्याच्या भंगारावरच चाललं.

चारपाच खेपांनंतर पाण्यात जस्त, निकेल, अ‍ॅल्युमिनियम साठत जातं आणि जिवाणू सुस्त होतात, तेव्हा ते पाणी बदलायचं.

आणि सोनं?

येणारच हा प्रश्न, मला माहितीये. दुकानात ज्याला सांगतो तो तांब्याचं ऐकून मान हलवतो आणि मग आवाज बारीक करून विचारतो. तर हा जिवाणू सोन्याला हात लावू शकत नाही. फेरिकने सोनं विरघळत नाही. पण त्यामुळंच एक मजा होते. रॅमच्या खालच्या कडेला जे सोनेरी दात असतात, त्यात सोन्याचा थर नावापुरता, खाली निकेल आणि तांबं. कडा कापून ह्या पाण्यात टाकल्या की खालचं निघून जातं आणि वरचा वर्ख सुटून पाण्यात तरंगायला लागतो, मिठाईवरच्या वर्खासारखा. दुपारच्या उन्हात ते भांडं बघण्यासारखं दिसतं. आम्ही फिल्टर पेपरवर धरला, दहाबारा रॅमचा, आणि गुजरीत ओळखीच्या सराफाकडं नेला. त्याच्या काट्यावर आकडा हलायलाच तयार नाही. तो हसून म्हणाला, "ह्यापेक्षा आमच्या दुकानातला केर झारेकऱ्याला, केरातनं सोनं वेचणाऱ्याला, जास्त देतो."

टनभर चांगल्या मोबाईल बोर्डांत काहीशे ग्रॅम सोनं निघतं आणि खाणीतल्या टनभर दगडात चारपाच ग्रॅम, हे आकडे खरे आहेत, पण टन म्हणजे टन. तुमच्या पोत्यात ते गुंजभर पण नाही.

सोनं विरघळवणारे जिवाणू पण आहेत. क्रोमोबॅक्टेरियम व्हायोलेसियम, सुंदर जांभळा रंग, ग्लायसिन नावाचं अमायनो आम्ल घातलं की सायनाईड तयार करतो आणि सायनाईड सोनं ओढतं. वाचायला झकास वाटतं. पण पीएच थोडा खाली आला की त्याच भांड्यातनं हायड्रोजन सायनाईड वायू बाहेर पडतो, आणि हा जिवाणू स्वतः जखमेतनं अंगात गेला तर क्वचित का होईना पण जिवावर बेतणारा आजार करतो. फ्यूम हूड (विषारी वायू ओढून घेणारं कपाट) आणि प्रशिक्षित माणूस नसेल तर ह्याच्या वाटेला जायचं नाही. ज्या कॉलेजात आम्ही बसलो तिथं पण सरांनी एका वाक्यात विषय मिटवला.

बुरशीचं पण विचारतात. अ‍ॅस्परजिलस नायगर, कांद्याच्या सालीवर जी काळी पूड दिसते ती बऱ्याचदा हीच. तिला साखर दिली की सायट्रिक, ऑक्झॅलिक असली आम्लं सोडते आणि त्यात धातू उतरतात. कोल्हापुरात गुळाचं पाणी द्यायचा मोह होणारच, चालतं पण ते. जिथं फेरोऑक्सिडन्सला लागणारं इतकं आंबट पाणी टिकत नाही तिथं ती बरी. बोर्डातल्या तांब्याला मात्र हीच जोडी बरी, लोखंड आणि फेरोऑक्सिडन्स. आणि त्या काळ्या पुडीचे बीजाणू फुप्फुसाला, कानाला चांगले नाहीत, दम्याच्या माणसाने लांबच राहावं.

उरलेल्याचं काय करायचं

ज्याला हा भाग कंटाळवाणा वाटतो त्याने मुळात सुरूच करू नये. संपलेलं पाणी गटारात गेलं तर ते जयंती नाल्यातनं पंचगंगेत जाणार, आणि तिथं आधीच कमी आहे का. भिजवलेला चुना थोडा थोडा घालत पीएच साडेआठ ते नऊवर न्या, ढवळा, रात्रभर ठेवा. धातू हिरवट तपकिरी गाळ होऊन खाली बसतात, जिप्सम पण त्यातच. वरचं पाणी नितळ दिसलं तरी अमोनियाची परीक्षा घ्या, आणि लॅबच्या सांडपाण्याच्या टाकीतच सोडा. गाळ प्लास्टिकच्या डब्यात वाळवून वर नाव, तारीख लिहून ठेवायचा, तो घातक कचरा आहे, कॉलेजचा जो घातक कचऱ्याचा ठेकेदार असतो त्याच्याकडंच जातो. "खतापासनंच केलंय की" म्हणून आमच्या एका मित्राने कुंडीत घालायला मागितला होता. दिला नाही. उरलेली काचेची पानं आणि उतरवलेलं सामान नोंदणीकृत रिसायकलरकडं, आणि जाळायचं तर काहीच नाही, ब्रोमिनवाल्या प्लास्टिकचा धूर फार वाईट. २०२२ साली जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला आणि त्यातला २२ टक्क्यांच्या आसपासच नीट गोळा होऊन रिसायकल झाल्याची नोंद आहे, बाकीच्यातला बराचसा असाच कुठंतरी धुमसतोय.

विरजण मधल्या काळात जपायचं असेल तर ताज्या नाइन-के पाण्यात दहा टक्के घालून, रंग अर्धवट आला की प्लास्टिकच्या बाटलीत वर थोडी जागा सोडून फ्रीजमध्ये ठेवा. लॅबच्या फ्रीजमध्ये, घरच्या नाही, आणि बाटलीवर मोठ्या अक्षरात नाव लिहा, रंग हुबेहूब कोकम सरबताचा असतो. तीनचार आठवड्यांनी एकदा बाहेर काढून नव्या पाण्यात बदलायचं. आम्ही दिवाळीच्या सुट्टीत विसरलो होतो, पाच आठवडे झाले होते, तरी उठले, फक्त रंग यायला नऊ दिवस घेतले.